आहेरात गेलेलं रॉकेटचं कापड

आमच्या घरातली आहेराची पेटी माह्या ताब्यात आहे, अन् तिले मी दुसऱ्या कोणाले हात लावू देत नाही. लग्नात, वास्तूत, तेरवीत जे टॉवेल, टोप्या, दुपट्टे, साड्या आमच्याकडं येतात, ते पाकिटासकट पेटीत जातात अन् पाकिटासकटच बाहेर पडतात. पाकीट उघडायचं नाही, हा पहिला नियम. ज्यानं दिलं त्याच्याच घरी परत जाऊ द्यायचं नाही, हा दुसरा. बाकी मंग टॉवेलची मर्जी. साखरखेर्ड्यातून निघालेली एक मोरपंखी साडी मेहकर, चिखली, जालना करत तीन वर्षं फिरली. तिची घडी कोणी मोडली नाही, म्हणून तिचा रंग पक्का का कच्चा हे आजही कोणाले माहीत नाही. यात लाजण्यासारखं काय आहे? घरोघरी मातीच्या चुली. सगळेच करतात, फक्त बोलत नाहीत.

हे मी काऊन सांगून राह्यली, त माह्या पोरीपायी. सुचिता. बंगलोरले रॉकेटच्या कंपनीत इंजिनिअर आहे. ती कंपनी एक भलंमोठं रॉकेट बनवून राह्यली, माणसायले चंद्रावर अन् त्याच्याही पुढं नेणारं, अन् त्याचा एकही तुकडा वाया जाऊ द्यायचा नाही असं त्या लोकायनं ठरवलं आहे. आजपर्यंत रॉकेट म्हणजे पंगतीतली पत्रावळ. जेवले की फेकली. यायले त्याचं स्टीलचं ताट करायचं आहे. वर गेलं, खाली आलं, घासलं, पुसलं, पुन्हा पंगतीत मांडलं. सुचितानं हे मले समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "इतकंच ना? आमी टॉवेलचं कधीपासून करून राह्यलो."

तिची नोकरी लागली तेव्हा आमच्या घरच्यायनं, म्हणजे उकंडरावनं, चौकात फ्लेक्स लावला होता. 'साखरखेर्ड्याच्या कन्येची अंतराळात झेप.' पोरगी बंगलोरले तिसऱ्या माळ्यावर राह्यते. त्याच्या वर ती आजवर गेली नाही. पण उकंडरावले कोण सांगणार? पानठेल्यावर उभे राहून ते रॉकेटचं असं काही सांगतात की ऐकणाऱ्याले वाटावं, याचं इंजीन आमच्याच वावरातल्या विहिरीवर बसवून पाह्यलं.

त मुद्दा असा की एप्रिलमध्ये सुचिता दोन दिवसांसाठी आली अन् गेली. ती गेल्यावर आठ-दहा दिवसांनी मी दिवाण उघडला. लगीनसराई होती, पेटीत मानसन्मानाचे टॉवेल संपले होते, म्हटलं पाहू कुठं एखादा पडला आहे का. त तिच्या कॉलेजच्या पुस्तकायच्या खाली एक पाकीट सापडलं. जाड प्लास्टिक, आत पांढरंशुभ्र कापड नीट घडी करून ठेवलेलं, वर इंग्रजीत नंबर लिहिलेलं स्टिकर. मले वाटलं, कंपनीनं टॉवेल दिला असेल अन् ही वेंधळी विसरली. स्टिकर नखानं काढून टाकलं. किमतीचं स्टिकर ठेवून आहेर देणं बरं दिसत नाही.

दुसऱ्याच दिवशी डोणगावले लग्न होतं. उकंडरावनं तो टॉवेल एका टोपीसंगं नवरदेवाच्या मामाले, मोतीरामभाऊले दिला. माईकवाल्यानं नाव पुकारलं, "साखरखेर्ड्याचे उकंडराव यांच्याकडून मामासाहेबांना टॉवेल-टोपी." मामासाहेबायनं पाकीट कपाळाले लावलं अन् खाली पिशवीत टाकलं. इतकं रीतसर झालं सगळं.

तीन आठवड्यांनी सुचिता काही न सांगता सकाळच्या एसटीनं दारात उभी. मी म्हटलं, "काय झालं वं, सुटी मिळाली?" तिनं चपला काढल्या, सरळ आत गेली अन् दिवाणात हात घातला. मी मागून पाहून राह्यली. पुस्तकं काढली, खालची चादर काढली, अन् मंग ती तिथंच जमिनीवर बसली.

"आई, इथं एक पाकीट होतं."

"हाव. दिलं ते आहेरात."

पोरीचा चेहरा असा झाला की मी पाणी आणाले पळाली. उकंडराव चहाचा कप घेऊन दारात आले. त्यायले वाटलं चोरी झाली.

पाणी पिऊन मंग तिनं सांगितलं. रॉकेट वरून खाली येते तेव्हा हवेवर घासून त्याच्या अंगाचा जाळ होते. म्हणून त्याच्या अंगावर न जळणाऱ्या फरशा बसवतात. पण खाली उतरताना त्याचे पंख हलतात, अन् पंखाच्या बिजागरीपाशी जी फट राह्यते तिच्यात फरशी बसत नाही. तिथं कापड भरतात. मातीच्या धाग्याचं विणलेलं, भट्टीत टाकलं तरी न जळणारं. मोठ्या रॉकेटच्या आधी कंपनीनं त्याचं एक धाकटं भावंड वर पाठवलं होतं, ते मार्चमध्ये नीट खाली आलं. त्याच्या बिजागरीतून निघालेलं कापड म्हणजे आमचा तो टॉवेल.

"म्हणजे तो टॉवेल वर जाऊन आलेला आहे?" उकंडरावनं विचारलं.

"हो बाबा."

"अन् मी तो त्या मोतीरामले दिला? त्या लायकीचा तरी आहे का तो?"

मी त्यायच्याकडं असं पाह्यलं की ते कप घेऊन बाहेर गेले.

"कंपनीचं कापड घरी काऊन आणलं होतं?" मी सुचिताले विचारलं. ती म्हणे, "आणलं चुकून. आता परत द्यायचं आहे. त्याच्याशिवाय मी परत जाऊ शकत नाही." चुकून आणलेली वस्तू कोणी पुस्तकायच्या खाली दाबून ठेवत नाही, हे मले समजत होतं. पण पोर रडवेली झाली होती. मी तोंडाले रुमाल बांधला अन् तिच्या मागं स्कूटीवर बसली.

मे महिन्याचं ऊन. डोणगावात पोचलो तेव्हा मोतीरामभाऊ त्यायच्या बियाण्याच्या दुकानात पंख्याखाली बसले होते. मोठं दुकान आहे, अन् माणूस शाळेच्या समितीवर वगैरे. त्यायनं आम्हाले पाहून थंडगार पाणी मागवलं. मी इकडचं तिकडचं बोलून घेतलं अन् मंग म्हटलं, "भाऊ, लग्नात आमच्या यायनं दिलेला टॉवेल कुठं आहे हो?"

"तो ना," मोतीरामभाऊ लगेच म्हणाले, "तो त मी रोज वापरतो. आंघोळीले. काय टॉवेल आहे वहिनी, मऊ लोण्यासारखा."

सुचिता उठून उभी राह्यली. "रोज वापरता? अंग नाही खाजत?"

"नाही बा. उलट अंग उजळलं."

पोरीनं माह्याकडं पाह्यलं. त्या कापडाले नुसता हात लावला तरी बोटं खाजतात, काचेसारखी बारीक कुसळं निघतात त्यातून, हे तिनं मले रस्त्यात सांगितलं होतं. मोतीरामभाऊच्या अंगावर कुठं ओरखडाही नव्हता. म्हणजे टॉवेल यायनं पुढं दिला, अन् ते कबूल होणार नव्हते. कसे होतील? उकंडरावचा आहेर आपण पुढं ढकलला हे उकंडरावच्या बायकोसमोर कोणता शहाणा सांगेल? मी त्यायच्या जागी असती त मीही सांगितलं असतं की टॉवेल देव्हाऱ्यात ठेवला आहे.

सुचिता म्हणाली, "काका, खरं सांगा, लय महत्त्वाचं आहे." भाऊ म्हणाले, "खरंच त सांगून राह्यलो बेटा." ती म्हणाली, "मंग दाखवा." ते म्हणाले, "वाळत घातला आहे." असं पाच-सात मिनिटं चाललं. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी राहून ऐकून राह्यली होती.

मी पाह्यलं की असं काही हाती लागत नाही. एकच रस्ता होता, अन् तो मले अजिबात आवडला नाही.  सव्वीस वर्षं मी जे झाकून ठेवलं, ते बियाण्याच्या दुकानात गिऱ्हाइकायसमोर काढायचं होतं.

"भाऊ," मी म्हटलं, "तुमच्या पोरीच्या लग्नात जनकाबाईनं मले जांभळी साडी नेसवली होती. ती मी आठ दिवसांत नणंदेच्या जावेले दिली. त्याच्या आदल्या वर्षीचा तुमचा दुपट्टा तेरवीत दिला. तुमच्या घरचं एकही कापड माह्या घरी पंधरा दिवसांच्या वर टिकलं नाही. आता तुमी बोला."

 मागच्या दारातून मोतीरामभाऊची बायको जनकाबाई आली. तिनं सगळं ऐकलं होतं. मले वाटलं आता ही माही खरडपट्टी काढते. ती म्हणाली, "मले माहीत आहे. ती जांभळी साडी मागच्या वर्षी माह्याच बहिणीच्या घरी निघाली. पदराले मी खूण केली होती, दोऱ्याची."

"खूण करता तुमी?" मी विचारलं.

"मंग. कुठं कुठं जाऊन येते ते पाहावं की नाही?"

मले त्या बाईचा एकदम आदर वाटला. मंग तिनं नवऱ्याकडं न पाहता सांगितलं, "हे खोटं बोलून राह्यले. टॉवेल लोणारले गेला. सुधाकर गुरुजी शाळेतून रिटायर झाले, त्यायच्या सत्काराले शालीखाली ठेवून दिला." मोतीरामभाऊ बियाण्याच्या पोत्यावरचा नंबर वाचू लागले.

लोणारच्या रस्त्यानं निघालो. सुलतानपूरच्या पुढं एक रसवंती दिसली, तिथं स्कूटी लावली. दोघींनी एक एक ग्लास घेतला. सुचितानं अर्धाच प्याला अन् ग्लास हातात धरून बसली.

"आई, मी ते चुकून नव्हतं आणलं."

"ते मले सकाळीच समजलं. बोल."

मंग तिनं सगळं सांगितलं. धाकटं रॉकेट खाली उतरलं तेव्हा सगळी कंपनी नाचून राह्यली होती. पेढे वाटले. परत आलेला प्रत्येक भाग तपासून त्याच्यावर 'पुन्हा वापराले योग्य' अशी सही करायची असते. कापडाची जबाबदारी हिची. दोन वर्षं हिनंच ते विणून घेतलं, हिनंच भांडून तेच कापड ठेवलं. तिचे साहेब, कुशल सर, सही मागाले आले तेव्हा हिनं पेढा तोंडात ठेवून सही करून टाकली. कापड तोवर बिजागरीतून काढलंही नव्हतं. दोन दिवसांनी काढलं त घडीच्या आत, काठाजवळ, भोक. अंगठा जाईल एवढं. कडा काळ्या पडलेल्या. जाळ आत शिरला होता. आणखी थोडा वेळ असता त पंखाचा सांधाच वितळला असता.

"अन् तू ते कोणाले दाखवलं नाही?"

"नाही. सगळ्यायले सांगून झालं होतं की जसं गेलं तसंच आलं. कुशल सर पैसे लावणाऱ्या लोकायसमोर माहं नाव घेऊन बोलले. मी ते पाकिटात घातलं अन् घरी आणलं. कंपनीत दुसरा एक तुकडा जमा केला. वर न गेलेला, भट्टीत भाजून घेतलेला."

 माही पोरगी लहानपणी पाटीवर चुकलेलं गणितही पुसत नव्हती, रेघ मारून बाजूले बरोबर लिहायची. तिनं हे केलं, हे मले ऐकवत नव्हतं.

"मंग आता काय झालं?"

"सोमवारी पुढचं यान जाणार आहे. त्याच ताग्यातलं कापड. त्याच्यात माणूस नाही. पण ते नीट आलं की मोठ्या रॉकेटमध्ये तेच बसवतील, अन् दोन वर्षांनी त्याच्यात माणसं बसतील. रेवती म्हणून एक जण आहे, तिचं ट्रेनिंग चालू आहे. जेवणाच्या सुटीत माह्याच टेबलावर बसते. परवा तिनं मले तिच्या डब्यातली भाकर दिली, त मले गिळवेना."

आता मी खरं सांगते. मी आई आहे. माह्या मनात पहिले रेवती आली नाही, पहिले नोकरी आली. गावातला फ्लेक्स आला. उकंडराव पानठेल्यावर कोणतं तोंड घेऊन उभे राह्यतील ते आलं. मी म्हटलं, "सुचे, चूप राह्य. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते कापड सापडलं नाही त सापडलं नाही. तू परत जा अन् सांग, दुसरं कापड अजून चांगलं होईल, बदलून टाका. कारण काऊन सांगायचं?"

"कारण नसताना कोणी बदलत नाही आई. कारण त्या भोकातच आहे."

ती उठली. मी मागं बसली. लोणार येईपर्यंत मी मनात कमळजा देवीले नवस बोलून राह्यली की त्या गुरुजीनं टॉवेल चुलीत घातला असू दे. मंग आठवलं की ते कापड जळत नाही. म्हटलं, बरं, तळ्यात पडला असू दे.

सुधाकर गुरुजीचं घर तळ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. गुरुजी विज्ञान शिकवायचे. मी साखरखेर्ड्याची शालू, अशी ओळख देऊन आम्ही टॉवेलबद्दल विचारलं अन् तो कुठून आला ते सांगितलं, त त्यायले इतका आनंद झाला की ते खुर्चीवरून उठलेच. "आकाशातून पडलेली वस्तू शेवटी लोणारलाच यायची," ते म्हणाले. "पन्नास हजार वर्षांची परंपरा आहे आमची." मंग त्यायनं आत हाक मारली, "स्नेहलता, सत्कारातला तो पांढरा टॉवेल कुठे आहे?"

स्नेहलताबाई बाहेर आल्या. नीटनेटक्या, चष्मा गळ्यात, हातात रुमाल. त्यायनं गुरुजीसारखा वेळ घालवला नाही, अन् मोतीरामभाऊसारखं खोटंही बोलल्या नाहीत. "आहे की," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात पुतणीकडे मुंज आहे, तिथे द्यायला ठेवलाय."

इतक्या सरळ कोणी बोलू शकते हे मी पहिल्यांदाच पाह्यलं. आत जाऊन त्यायनं कापड आणलं. पाकीट नवीन होतं.

"हे पाकीट उघडलं होतं का तुमी?" मी विचारलं.

"अहो शालूबाई, मी प्रत्येक पाकीट उघडून बघते. दोष असलेलं वस्त्र पुढे गेलं तर नाव आपलं जातं, ज्यानं आधी दिलं त्याचं नाही." माह्या सव्वीस वर्षायच्या पहिल्या नियमाची त्या बाईनं एका वाक्यात वाट लावली. "आणि बरं झालं बघितलं. घडीत भोक होतं, चांगलं मोठं. जळल्यासारखं. मुंजीत काय जळकं कापड द्यायचं? मी रफू केलं. बोटं दोन दिवस खाजत होती, पण सोडलं नाही."

सुचितानं कापड हातात घेतलं, घडी मोडली, खिडकीपाशी नेलं. काठानं बोट फिरवलं. उलटं केलं. पुन्हा पाह्यलं. मीही गेली. पांढऱ्यावर पांढरं, कुठं टाका नाही, कुठं गाठ नाही.

"सापडणार नाही," स्नेहलताबाई म्हणाल्या. "माझ्या आईनं शिकवलंय. काळा काठ आत दुमडून घेतला आणि वर जाळी विणली. शोधून दाखव."

पोरगी खाली बसली अन् हसू लागली. हसता हसता रडाले लागली. गुरुजी घाबरून पाणी आणाले गेले.

मले मात्र देवी पावली होती. कापड सापडलं, भोक नाही. कोणी पाप केलं नाही. सुचितानं लपवलं नाही, मी फेकलं नाही, एका शुद्ध मनाच्या बाईनं मुंजीसाठी टाके घातले. आता हे कापड कंपनीत नेऊन ठेवलं त कोण काय म्हणणार? मी सुचिताच्या कानाशी गेली. "झालं ना आता. चाल उठ. बंगलोरची गाडी पकड."

ती उठली नाही. स्नेहलताबाई तिच्याजवळ बसल्या अन् तिच्या डोक्यावर हात ठेवून विचारू लागल्या, हे कापड नेमकं कशाचं, कुठं बसवतात. सुचितानं सांगितलं. बिजागरी, फट, जाळ. बाई लक्ष देऊन ऐकत होत्या.

"म्हणजे त्याच्यात माणसं बसणार?"

"हो काकू."

"अगं मग मला आधी कोणी सांगायचं नाही का?" बाई खरंच हळहळल्या. "मी साधा एकेरी दोरा घातला. मुंजीचं कापड म्हणून. माणसं बसणार म्हटल्यावर मी दुहेरी घातला असता."

मी आधी हसली. तोंडातून हसू निघालंच. अन् तसंच तोंडातल्या तोंडात वाळलं. या बाईले काहीच माहीत नव्हतं, न रॉकेट न हवा न जाळ, अन् तरी तिच्या मनात पहिले माणसं आली. मी त्या पोरीची माय, सकाळपासून नोकरी धरून बसली होती. रेवतीलेही कुठंतरी माय असेल. ती दारावर फ्लेक्स लावून बसली असेल. तिच्या पोरीच्या पंखात एकेरी दोऱ्याचा रफू जाईल अन् तिले कोणी सांगणार नाही, कारण सांगणारी माह्या पोटची होती अन् तिले चूप बसवणारी मी होती. मले माहाच संताप आला, लाज वाटली.

"ताई," मी म्हटलं, "बारीक कात्री आहे का?"

"कशाला?"

"उसवायचं आहे."

बाईचा चेहरा उतरला. "अहो, दोन दुपारी गेल्यात त्यात."

"आई, तूच म्हणाली ना," सुचिता म्हणाली, "चूप राह्य म्हणून."

"मी लय काही म्हणत राह्यते," मी म्हटलं. "सगळं ऐकत नको जाऊ. नोकरी गेली त जाईल. साखरखेर्ड्यात कोणी उपाशी मरत नाही. तुह्या बापाले मी पाहून घेईन."

कात्री आली. मी कापड मांडीवर घेतलं, पण उसवू काय? टाका दिसतच नव्हता. सुचितालेही सापडेना. गुरुजीनं त्यायचं भिंग आणलं, ज्यानं ते पोरायले तळ्याकाठचे दगड दाखवायचे. त्यातूनही काही दिसलं नाही. तिघंही त्या पांढऱ्या कापडावर वाकून बसलो, अन् स्नेहलताबाई समोर हाताची घडी घालून पाहत होत्या. ती जागा जगात एकट्या त्यायलेच माहीत होती.

"काकू," सुचिता म्हणाली, "तुमचं काम खरंच लय सुंदर आहे. म्हणूनच तुम्हीच काढा. ते झाकलं राह्यलं त एक जण मरू शकते."

 बाईनं चष्मा डोळ्यावर चढवला, माह्या मांडीवरचं कापड ओढून घेतलं अन् डोळे मिटून काठानं बोटाचं टोक फिरवलं. एका जागी थांबल्या. "इथे," त्या म्हणाल्या. सुईनं एक धागा उचलला, कात्रीनं कापला. मंग दुसरा. मंग त्या थांबल्या नाहीत. पाच-दहा मिनिटांत जाळी सुटली, आतला काळा काठ बाहेर आला अन् कापडाले पुन्हा भोक पडलं. बाईनं सुटलेले दोरे गोळा करून मुठीत धरले, फेकले नाहीत. "रफू चांगला झाला होता," त्या म्हणाल्या.

"हो काकू," सुचिता म्हणाली.

तिनं कापड टेबलावर पसरलं. पट्टी मागून घेतली, भोकाशेजारी ठेवली अन् चार फोटो काढले. ते कुशल सरले पाठवले. फोटोच्या खाली तिनं काय लिहिलं ते मी पाह्यलं नाही. मिनिटही झालं नसेल, फोन वाजला. गुरुजी, बाई, मी, तिघंही तिच्याकडं पाहून राह्यलो. तिनं फोन कानाले लावला. दुसऱ्या हाताचा अंगठा तिनं त्या भोकात घातला, तो आरपार गेला, अन् ती म्हणाली, "सर, सही करताना मी कापड पाहिलंच नव्हतं."